रातांब्याला कोण काय म्हणतं

एप्रिल सरत आला की रत्नागिरीच्या आसपासची खळी तांबडी होतात. रातांबे काढायचे, फोडायचे, आतला गर आणि बिया वेगळ्या करायच्या, साली मीठ घातलेल्या रसात बुडवून उन्हात पसरायच्या, संध्याकाळी गोळा करून पुन्हा बुडवायच्या. हे चक्र साल काळपट आणि चिवट होईपर्यंत चालतं. मृगाच्या आत सगळं उरकावं लागतं, एकदा पाऊस लागला की झाडावरचं फळ हाती लागत नाही. गेल्या मे महिन्यात अशाच एका खळ्यात मी फोटो काढत होतो. शेजारच्या काकू साली उलटत बसल्या होत्या. ‘कोकमांचे फोटो घेतोय,’ असं मी म्हटलं तर त्यांनी मान वर न करताच मला दुरुस्त केलं. ‘कोकम काय म्हणतोस? हे रातांबे. वाळलं की आमसूल. आणि ह्या बियांचं मुठेल निघतं, ते थंडीत टाचांना लावायचं.’

एका फळाचे त्यांनी तीन शब्द केले होते, आणि तिन्ही वेगवेगळ्या वस्तूंचे होते. फोटो मुक्त भांडारात ठेवायला बसलो तेव्हा हे तीन शब्द डोक्यातून जाईनात.

मुक्त भांडार म्हणजे जिथली चित्रं परवानगी न मागता कुणीही वापरावीत, फार तर काढणाऱ्याचं नाव द्यावं, अशी जागा. यातलं सर्वांत मोठं विकिमीडिया कॉमन्स. ते सप्टेंबर २००४मध्ये सुरू झालं आणि आज तिथे दहा कोटींहून अधिक फाइली आहेत. गावच्या शाळेतल्या बाईंना कोकणातल्या झाडांचा तक्ता करायचा असेल किंवा कुणाला आपल्या तालुक्यावर पुस्तिका काढायची असेल, तर पैसे न मोजता आणि चोरी न करता चित्रं मिळण्याची ही जागा. मात्र तिथे चित्रं ज्या कप्प्यांत लावली जातात, त्यांची नावं ठरलेल्या रिवाजाने इंग्रजीत असतात, झाडंझुडपं आणि प्राणी असतील तर लॅटिनमध्ये. रातांब्याचा कप्पा ‘गार्सिनिया इंडिका’. मोठ्या कोठाराला एक सामायिक भाषा लागते हे मला मान्य आहे. तरी त्याचा परिणाम असा, की फोटोखाली कुणी मराठीत ‘रातांबा’ लिहिलेलं नसेल तर ज्या खळ्यात तो काढला तिथल्याच माणसाला तो सापडत नाही, आणि लॅटिन येणाऱ्या दूरच्या माणसाला सापडतो.

यावर निघालेला तोडगा मला फार मोलाचा वाटतो. २०१२च्या ऑक्टोबरात विकिडेटा सुरू झाला. त्यात प्रत्येक गोष्टीला, मग ती मांजर असो, रत्नदुर्ग असो की लोकमान्य टिळक, एक क्रमांक मिळतो आणि त्या क्रमांकाखाली शेकडो भाषांतली नावं लिहिता येतात. पुढे २०१७मध्ये अमेरिकेतल्या स्लोन फाउंडेशनने कॉमन्ससाठी सुमारे तीस लाख डॉलरचं अनुदान दिलं आणि २०१९पासून प्रत्येक फोटोला ‘यात काय दिसतं’ याचं उत्तर अशा क्रमांकाने जोडायची सोय झाली. क्रमांक कुणाच्याच मातृभाषेतला नाही, म्हणून तो सगळ्यांचा. एका जपानी माणसाने फोटोला तो जोडावा आणि गुहागरच्या मुलीला ‘रातांबा’ लिहून तोच फोटो मिळावा, हे आता खरोखर घडू शकतं. फक्त त्या क्रमांकाखाली कुणीतरी ‘रातांबा’ लिहून ठेवलेलं हवं.

माझं सगळं म्हणणं या शेवटच्या वाक्यापाशी आहे. अनेक भाषांत शोध म्हणजे इंग्रजी यादीचं भाषांतर, असा समज अगदी सुशिक्षितांतही आहे. एका क्रमांकाला एक मराठी नाव मिळालं की रकाना भरला. मग मिरकरवाडा बंदरावर टोपल्यांनी उतरणारा बांगडा ‘भारतीय मॅकरेल’ होऊन बसतो. ते नाव चुकीचं नाही, पण रत्नागिरीत ते घेऊन मासळी मागायला कुणी जाणार नाही आणि शोधाच्या चौकटीत तर कुणी लिहिणारच नाही. विकिडेटात मुख्य नावाशेजारी ‘इतर नावं’ असा एक रकाना असतो. आपल्यासारख्या भाषेचा जीव त्या रकान्यात आहे असं मला वाटतं. या फळाला सिंधुदुर्गात आणि गोव्यात भिरंड म्हणतात, आमच्याकडे रातांबा, बाजारात कोकम. हे तिन्ही शब्द तिथे शेजारी बसू शकतात. प्रमाण कुठला, यावर भांडायची गरज उरत नाही.

आमसूल मात्र त्या रकान्यात घालू नये. आमसूल ही वेगळी वस्तू, तिला वेगळा क्रमांक हवा. इंग्रजीत झाड, फळ आणि वाळवलेली साल या सगळ्यांना ‘कोकम’ हा एकच शब्द पुरतो. काकूंची भाषा इथे त्याहून बारीक आहे. यादी इंग्रजीतून मराठीत आणली की हा बारकावा येत नाही, कारण मुळात तो तिथे नसतोच. उलट दिशेने गेलं, काकूंच्या शब्दांपासून सुरुवात केली, तर त्या यादीतच भर पडते.

मराठीच्या स्वतःच्याही अडचणी आहेत. ‘तिसऱ्या’ घ्या. खाडीकाठच्या माणसाला या शब्दाने शिंपल्यांचं कालवण आठवेल, संगणकाला ‘तिसऱ्या मजल्यावर’मधला तिसऱ्याही तोच. शिवाय त्यातला ऱ् संगणकावर दोन तऱ्हांनी लिहिता येतो, एकदा ऱ या स्वतंत्र अक्षरापासून आणि एकदा साध्या र-ला अदृश्य सांधा लावून. डोळ्यांना शब्द एकच दिसतो, यंत्रापाशी जाईपर्यंत त्याचे दोन झालेले असतात. त्यात आपली सामान्यरूपं. वर्णनात ‘विहिरीवरचा रहाट’ लिहिलेलं असतं, शोधणारा ‘विहीर’ लिहितो, आणि दोन्हींत ‘ही’ आणि ‘हि’ वेगळे. क्रमांकाशी बांधलेली नावं या भानगडीतून बरीचशी सुटतात, कारण तिथे नाव मूळ रूपात, सुटं लिहिलेलं असतं.

सर्वांत अवघड उदाहरण आमच्या सड्यांवर आहे. (सडा म्हणजे इथे जांभ्याचं उघडं पठार, अंगणात शिंपडायचा सडा नव्हे. हेही दोन क्रमांक.) सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी गावोगाव फिरून, गुराख्यांना आणि शेतकऱ्यांना विचारत या सड्यांवर कातळात कोरलेल्या आकृत्या शोधल्या. कशेळीत हत्तीची प्रचंड आकृती आहे आणि तिच्या पोटात कितीतरी लहान प्राणी कोरलेले आहेत. २०२२मध्ये उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसामळ अशी नऊ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. त्या यादीत त्यांना ‘जिओग्लिफ’ म्हटलं आहे, इतरत्र ‘पेट्रोग्लिफ’. पहिल्या कप्प्यात शेजारी पेरूमधल्या नाझ्का रेषा, ज्या वाळवंटातले दगड बाजूला सारून काढल्या. दुसऱ्यात बरीचशी उभ्या खडकांवरची कोरीवकामं. मराठीत शब्द रुळला तो ‘कातळशिल्प’, कुणी ‘खोदचित्र’ही म्हणतात. कातळशिल्प या शब्दात कातळ आहे, पायाखालचा, तापणारा, पावसाळ्यात फुलणारा. परक्या दोन कप्प्यांपैकी एकाचं मराठी नाव म्हणून तो डकवला तर नाझ्काच्या वाळवंटालाही आपण कातळशिल्प म्हणू. त्याला स्वतःचा क्रमांक हवा, आणि तो जगाच्या यादीत मराठीतून जावा.

मग ‘यात काय दिसतं’ या प्रश्नाला काय लिहायचं? बारसूच्या सड्यावर मधोमध माणूस आहे आणि दोन बाजूंना वाघासारखे दोन प्राणी. ‘वाघ’ जोडलं तर जगभर वाघ शोधणाऱ्यांपुढे बारसू येईल, आणि अभ्यासकांनी अजून चर्चेत ठेवलेलं उत्तर आपण पक्कं करून टाकू. माझ्या मते इथे ‘माणूस’, ‘प्राणी’, ‘कातळशिल्प’ आणि गावाचं नाव एवढंच जोडावं. सापडण्यासाठी तेवढं पुरतं.

चित्रं ओळखून नावं सुचवणारी यंत्रं आता आहेत, त्यांची मदत जरूर घ्यावी. पण त्यांना शिकवणारी नावं पुन्हा त्याच याद्यांतून येतात. रातांबा हा मंगोस्टीनचा सख्खा भाऊबंद, दिसायलाही जवळचा. यंत्राने त्याला मंगोस्टीन म्हटलं तर मला नवल वाटणार नाही. त्याला दुरुस्त करायला खळ्यात बसलेलं कुणीतरी लागेल.

या आठवड्यात आमसुलांचे ते फोटो परत उघडून बसलो. एकात सालींशेजारी एक भांडं आहे, तांबड्या रसाने अर्धं भरलेलं. त्या रसाला मी ‘कोकमाचा रस’ लिहिलं होतं. फोन घेऊन काकूंकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाल्या, ‘आगळ.’ मग जरा थांबून विचारलं, ‘तिकडे लिहितोस ते कोण वाचतं रे?’ मी म्हटलं, शोधेल तो. त्यांनी फोन परत माझ्या हातात दिला. ‘मग आगळच लिही. रस म्हटलंस तर आंब्याचा समजतील.’