पादचारी, शेजार आणि उपनगर

‘सबर्ब’ या संज्ञेसाठी ‘उपनगर’ हा प्रतिशब्द मराठीत इतका रुळला आहे की त्याने झाकलेला भेद आपल्या लक्षात येत नाही. दादर, पार्ले यांसारखी मुंबईची उपनगरे लोहमार्गाच्या आधाराने वाढली. तेथील रहिवासी स्थानकापासून घरापर्यंत चालत येई. बाजार, वाचनालय, देऊळ, नाका हे सारे त्याच्या वाटेवरच असे. याउलट, न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर १९४७पासून उभे राहिलेले सतरा हजारांहून अधिक घरांचे लेव्हिटटाउन खासगी मोटारीचे अस्तित्व गृहीत धरूनच आखले गेले. त्याच्या धर्तीवरील वसाहतींत निवास, बाजार आणि काम यांची फारकत झाली. या दोन रचनांतील भेद केवळ सोयीचा नाही. आपण कोणाला सामोरे जावे, हे सर्वस्वी आपल्या निवडीवर सोपवणे नैतिकदृष्ट्या इष्ट आहे काय, हा त्यातील खरा प्रश्न आहे.

मित्र निवडता येतो; शेजार वाट्याला येतो. जेन जेकब्ज यांनी १९६१ साली ‘द डेथ अँड लाइफ ऑफ ग्रेट अमेरिकन सिटीज’ या ग्रंथात पदपथावरील किरकोळ, वरवर निरर्थक भासणाऱ्या संपर्कांतून परस्परविश्वास कसा साकारतो, हे दाखवून दिले. या विश्वासात जवळीक अभिप्रेत नसते. परका हा परकाच राहून आपला विषय होतो. मोटारीवर विसंबलेल्या जीवनात मात्र भेट ही ठरवूनच घडते. न ठरवता भेटणारा माणूस तेथे केवळ अडथळ्याच्या रूपाने अवतरतो.

भाषेनेही या स्थित्यंतराची नोंद ठेवली आहे. ‘वाटसरू’ या शब्दात वाट आणि माणूस यांचे नाते आहे. ‘पादचारी’ ही आजच्या वापरात वाहतूक-नियमनाची कोटी आहे; वाहनाच्या संदर्भाविना तिला अर्थ उरत नाही. २००९ साली खुल्या झालेल्या वांद्रे-वरळी सागरी सेतूवर पायी चालण्यास मनाई आहे, तर २००८पासून मुंबईत उभारलेल्या स्कायवॉकांनी चालणाऱ्याला रस्त्यावरून उचलून वर नेले. रस्ता ज्याच्या चालण्याने रस्ता झाला, त्यालाच तेथे अपवाद ठरवले गेले.

तथापि, एवढ्यावरून पायी चालण्याजोग्या वस्तीचे गुणगान करणे भाबडेपणाचे ठरेल. मिशेल द सेर्तो यांनी चालण्याची तुलना उच्चारणाशी केली: भाषेच्या संदर्भात बोलणे जे करते, तेच नगराच्या संदर्भात चालणे करते. परंतु बोलण्याचा अधिकार सर्वांना सारखा असतो, हे या रूपकात गृहीत धरले जाण्याचा धोका आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी खेड्याच्या उदात्तीकरणावर जो प्रहार केला, तो येथे आठवावा. खेड्यात सारे काही चालण्याच्या अंतरावर होते, वेशीबाहेरची वस्तीही. भाऊ पाध्ये यांच्या ‘वासूनाका’ (१९६५) या कादंबरीतील नाका पोरांना मोकळीक देतो; तेथून जाणाऱ्या स्त्रीला मात्र त्यांच्या नजरेचा विषय करतो. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी ‘व्हाय लॉयटर?’ (२०११) या ग्रंथात मांडल्याप्रमाणे, सार्वजनिक जागेतील स्त्रीला तेथे असण्याचे सबळ कारण सतत दाखवावे लागते. सान्निध्य म्हणजे शेजार नव्हे. ते पाळतही असू शकते. अशा पाळतीला विटलेल्या माणसाला अंतर हीच मुक्ती वाटली, तर त्याला दोष देता येणार नाही.

मग अंतराने ही मुक्ती खरोखर दिली काय? लेव्हिटटाउनच्या आरंभीच्या करारांत गोऱ्यांखेरीज इतरांना राहण्यास बंदी होती. घरकाम करणाऱ्या नोकरांचा मात्र अपवाद होता. पेनसिल्व्हेनियातील लेव्हिटटाउनमध्ये १९५७ साली मायर्स हे कृष्णवर्णीय कुटुंब राहावयास आले, तेव्हा त्यांच्या घरासमोर जमाव जमला. वेस येथेही होती. फरक इतकाच की खेड्यात ती रोज ओलांडताना वा टाळताना दिसत असे; येथे तिचे मैलांत रूपांतर झाले, आणि मैल हे कोणाच्याही अन्यायासारखे दिसत नाहीत. मोटारीने माणसाला जाचक शेजारातून सोडवले असेल. पण त्याहून अधिक, आपण कोणाला बाहेर ठेवले आहे हे पाहण्याच्या जबाबदारीतून सोडवले.

या विवेचनाचा रोख मोटार बाळगणाऱ्या व्यक्तीवर नाही. जेथे पदपथ नाही आणि बस वेळेवर येत नाही, तेथे चालण्याचा उपदेश हा दुबळ्यावर लादलेला सदाचार होय. नैतिक निवड रस्ता आखताना झालेली असते. चालणाऱ्याच्या वाट्याला तिचा परिणाम येतो. म्हणून वस्तीचे मूल्यमापन दुकान किती पावलांवर आहे एवढ्यावरून करता येणार नाही. तेथून चालताना कोणाला कारण विचारले जाते आणि कोणाला नाही, ही कसोटी लावावी लागेल. वाडा, गल्ली, आळी यांच्या स्मरणरंजनात रमणाऱ्या मराठी ललित गद्याकडे हीच कसोटी घेऊन पाहिले, तर त्या आळीतून कोण चालत होते याबरोबरच कोणाला चालता येत नव्हते, हेही समीक्षेला वाचावे लागेल.