हलका आहे, पण जामीनदार कोण?

हलकेपणा हा गुण की दोष, हे वस्तू कोणती त्यावर ठरते. फुलका हलका असावा, खिसा हलका नसावा, आणि हलक्या कानाचा साहेब तर सात जन्मांत मिळू नये.

आमच्या भाच्याला हवा होता हलका वेब सर्व्हर. दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागेसाठी तो ठिबकाचे व्हॉल्व्ह उघडणारा डबा करतोय. आत चिमुकला संगणक, मेमरी ६४ मेगाबाइट. बागायतदाराने ओट्यावर बसून मोबाइलवर पान उघडायचे आणि पाणी सोडायचे. मागितलेले पान काढून देणारा काउंटरवरचा कारकून म्हणजे वेब सर्व्हर. ही व्याख्या मला लगेच पटली.

यातला अपाची १९९५ पासून नोकरीत. कर्तबगार, पण बारदाना मोठा. एका बागायतदारासाठी त्याला बसवणे म्हणजे कपभर चहाला लग्नाचा आचारी बोलावणे. २००३ चा लाइटटीपीडी, लाडाने 'लायटी', अंगाने बारीक. पण भाच्याचा डोळा बोआवर. आमच्या घरात त्याचा लगेच 'बुवा' झाला.

"मामा, बुवा काही खातच नाहीत!"

"छान. पण त्यांचं दुखलंखुपलं कोण बघतं?"

"कोणी नाही. २००५ पासून काम बंद आहे."

म्हणजे बुवा समाधिस्थ आणि मठ चालू! चिपवाल्यांच्या तयार साहित्यात बुवा आधीच बसलेले असतात. डबा घेणाऱ्याला पत्ताही नसतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने सांगितले की एका आठवड्यात जगभर दहा लाखांहून अधिक ठिकाणी बुवा इंटरनेटवर उघडे बसलेले दिसले. भारतातल्या वीजयंत्रणेवरच्या घुसखोरीतला कच्चा दुवाही हाच, असा त्यांचा निष्कर्ष होता.

बँकेत आम्ही कर्जदाराला विचारतो, जामीनदार कोण? अर्ज कितीही देखणा असो. यंत्रावरचा भार आपण उतरवतो, तेव्हा तो कुणाच्या तरी डोक्यावर जातोच. आणि ते डोके बहुधा यातले काहीच न कळणाऱ्याचे असते. मणी भरताना भलत्यानेच रात्रभर पाणी सोडले, तर तडकतील बागायतदाराची द्राक्षे. भाच्याचा डबा शाबूत राहील.

लायटीला जागा थोडी जास्त लागते, हे खरे. पण त्याची दुरुस्ती करणारे अजून आहेत. जिवंत माणसाला थोडी जागा लागायचीच.