तळे राखणारे

‘तळे राखी तो पाणी चाखी’ ही म्हण आपण हसत हसत म्हणतो आणि त्या हसण्यातच माफीही देऊन टाकतो. सोसायटीचा हिशेब असो की देवस्थानची पेटी, ज्याच्या हातून पैसा जातो त्याच्या हाताला थोडा चिकटायचाच, हे आपण धरूनच चालतो. शरीराचा कारभार मात्र या म्हणीवर चालत नाही.

पेशींची ऊती, ऊतींचं इंद्रिय, इंद्रियांची संस्था, संस्थांचं शरीर, ही उतरंड शाळेत सगळ्यांनीच पाठ केलेली असते. तिच्या तळाशी असलेली तांबडी पेशी पाहा. फुफ्फुसातून प्राणवायू उचलायचा आणि पायाच्या करंगळीपर्यंत पोचवायचा, हे तिचं काम. त्यातलं ती स्वतःच्या पोटासाठी काही वापरत नाही. अस्थिमज्जेत घडतानाच ती केंद्रक बाहेर टाकते. प्राणवायूवर ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिकाही तिच्यात उरत नाहीत. प्राणवायूविना साखर मोडून ती सुमारे १२० दिवस गुजराण करते.

वरच्या पायरीवर हृदय. मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त त्याच्या कप्प्यांतून जातं, पण त्याची जाड भिंत त्या साठ्यावर पोसली जात नाही. रक्त महाधमनीत पोचलं, की तिच्या मुळाशी फुटणाऱ्या दोन धमन्यांतून हृदयाला त्याचा वाटा मिळतो. विश्रांतीच्या वेळी तो जेमतेम ५ टक्के असतो. म्हणजे आधी सगळं बाहेर द्यायचं, मग ठरलेल्या वाटेनं आपलं घ्यायचं.

यात संतपण शोधायला नको. तांबड्या पेशीची घडणच अशी, की चाखण्याची सोयच नाही. हृदयाला उपाशी ठेवलेलं नाही. त्याचा हिस्सा वेगळा काढलेला आहे. याउलट कर्करोगाची गाठ रक्तवाहिन्यांना नवे फाटे फोडायला लावते आणि रसद स्वतःकडे वळवते. शरीर खंगतं, गाठ वाढते.

म्हणून तळे राखणाऱ्याला सचोटीचं प्रवचन देण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात. त्याचा वाटा ठरला आहे का? तो त्याला वेळेवर आणि उघडपणे मिळतो का? पगार महिनोन् महिने थकवून प्रामाणिकपणाची अपेक्षा धरणं ही मालकाची लबाडी आहे. आणि वाटा चोख मिळूनही जो चाखतो, त्याची बाजू त्या म्हणीनं सावरू नये.