भंडारा शोधा, गोंदिया लिहा

मी साकोलीचा, जिल्हा भंडारा. आमच्या शेजारचा सडक अर्जुनी तालुका मात्र गोंदियात. १ मे १९९९ला भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. तिरोडा, आमगाव, देवरी तिकडे गेले. साकोली, तुमसर, पवनी इकडेच राहिले.

समजा, जुन्या नोंदींच्या फाइलमध्ये हे जिल्हे बदलायचे आहेत. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांकडे त्यासाठी रेजेक्स असतं. शब्दाऐवजी शब्दाचा साचा द्यायचा. त्यात बसेल ते सगळं एका फटक्यात बदलतं. नुसतं ‘भंडारा’ शोधलं तर ‘भंडाऱ्यात’, ‘भंडाऱ्याहून’ सुटतात. म्हणून साचा करायचा: भंडा(रा|ऱ्या). आता नको तेही सापडतं: जेजुरीला उधळतात तो भंडारा, देवळातल्या जेवणाचा भंडारा, देहूजवळचा भंडारा डोंगर. यंत्राला अक्षरं दिसतात, अर्थ नाही.

साच्यात तालुक्याचं नाव घातलं की ही अडचण बरीचशी सुटते. खरा प्रश्न पुढे आहे. १९९० साली तिरोड्यात जन्मलेल्या एखाद्या बाईंच्या शाळेच्या दाखल्यावर ‘जि. भंडारा’ असणार, आणि ते तेव्हा खरंच होतं. त्यांच्या आजच्या पत्त्यात गोंदिया हवं, जन्माच्या नोंदीत भंडाराच. दोन्हीकडे अक्षरं तीच: ‘ता. तिरोडा, जि. भंडारा’. एक ओळ जुनी झालीय, दुसरी साक्ष आहे.

सरसकट बदललं तर स्क्रीनवर गोंदिया, हातातल्या कागदावर भंडारा. मग खरं काय, हे सिद्ध करायला चकरा मारायच्या त्या बाईंनी. बदल करणाऱ्याला त्यांचं नावही माहीत नसतं. एक ओळ बदलायला आणि लाख ओळी बदलायला त्याला कष्ट सारखेच पडतात. कष्ट कमी झाले की जबाबदारीही कमी झाली असं वाटायला लागतं. मला धोका तिथे दिसतो.

हाताने लिहिलेल्या रजिस्टरात दुरुस्ती करताना जुन्या शब्दावर एक रेघ मारतात, नवा शब्द लिहितात आणि शेजारी सही करतात. जुनं वाचता येतं, कुणी बदललं तेही कळतं. ‘रिप्लेस ऑल’ दाबल्यावर ना रेघ उरते, ना सही.

तुम्ही म्हणाल, लाख ओळी एकेक करून कोण वाचणार? सगळ्या वाचायची गरज नाही. ‘बदला’ म्हणण्याआधी ‘दाखवा’ म्हणावं, आणि प्रत्येक रकाना आजचं सांगतोय की तेव्हाचं, एवढं विचारावं. आजचं असेल तर खुशाल बदलावं. तेव्हाचं असेल तर तसंच ठेवून शेजारी लिहावं: ‘आता जि. गोंदिया’.