स्मारकापुढें उभें राहतांना

आपल्या प्रांतांत युद्धस्मारकांची वाण नाहीं. वाण आहे ती तेथें घटकाभर थांबून विचार करणाऱ्यांची. वाटेवरचा वीरगळ असो, गांवांतील महायुद्धाची पाटी असो वा एखादा विजयस्तंभ असो, प्रत्येकापुढें एकच प्रश्न उभा राहतो. ज्या पक्षासाठीं एखादा मनुष्य पडला, तो पक्ष आपणांस मान्य नसेल, तर त्याच्या मरणापुढें मस्तक नमवावें कीं नाहीं?

वीरगळाच्या बाबतींत हा प्रश्न फारसा बोचत नाहीं. खालीं लढाई, तिच्यावर वीरास स्वर्गीं नेणाऱ्या अप्सरा, त्याच्यावर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य, अशी त्याची सामान्य रचना. बोरिवलीजवळच्या एकसर येथील वीरगळांवर तर गलबतांची लढाई कोरलेली आहे. बहुतेक वीरगळांवर नांव नसतें. राजे गेले, वैर गेलें. शौर्य तेवढें उरलें. येथें नमस्कार सोपा आहे.

महायुद्धाच्या पाटीपुढें तो तितका सोपा राहत नाहीं. या गांवांतून १९१४–१९१९ च्या युद्धास इतके पुरुष गेले व त्यांपैकीं इतक्यांनीं प्राण वेंचले, एवढाच मजकूर अशा पुष्कळ पाट्यांवर असतो. नांव एकाचेंही नाहीं. त्या युद्धांत दहा लाखांहून अधिक हिंदी शिपाई समुद्रापार गेले आणि सुमारें ७४ हजार मृत्यु पावले. युद्ध पुकारतांना त्यांना वा त्यांच्या देशाला कोणीं विचारलें नव्हतें. कित्येक जण केवळ पोटासाठीं गेले होते. साम्राज्याच्या लोभाचा दोष त्यांच्या माथीं मारला, तर ज्यांनीं त्यांस धाडलें ते सुटतात आणि जे मेले ते दुसऱ्यांदा मरतात.

कोरेगांव भीमा येथील स्तंभ याहून अधिक शिकवितो. १ जानेवारी १८१८ रोजीं पेशव्यांच्या फौजेशीं झालेल्या लढाईचें स्मारक म्हणून ईस्ट इंडिया कंपनीनें तो उभारला. हेतु स्वतःच्या कीर्तीचा. पण त्यावरील ४९ मृतांच्या नांवांपैकीं २२ नांवांचा शेवट ‘नाक’ असा आहे. हीं महार शिपायांचीं नांवें होत. ज्यांच्या सावलीचाही समाज विटाळ मानीत होता, त्यांचें शौर्य येथें दगडावर कोरलें गेलें. १ जानेवारी १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथें गेले, आणि कंपनीचा विजयस्तंभ एका दडपलेल्या समाजाच्या स्वाभिमानाचा साक्षी ठरला. आज दरसाल त्या दिवशीं तेथें जे असंख्य लोक जमतात, ते कंपनीसाठीं जमत नाहींत. स्मारकाचा अर्थ बांधणाऱ्याच्या हातीं कायमचा राहत नाहीं, हाच याचा बोध. मात्र पेशव्यांच्या बाजूनें त्याच दिवशीं पडलेले अरब व इतर शिपाई त्या स्तंभावर नाहींत. त्यांच्या घरींही कोणीं तरी वाट पाहिली असेल.

तात्पर्य, आदर आणि निवाडा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मृतास आदर द्यावा; ज्यांनीं युद्ध मांडलें त्यांचा निवाडा निर्भीडपणें करावा. निवाड्यावांचून केलेला नमस्कार पुढच्या युद्धास शिपाई पुरवितो, आणि आदरावांचून केलेला निवाडा हें निव्वळ कोरडें पांडित्य होय. म्हणून मुलांस अशा ठिकाणीं नेणाऱ्या आईबापांनीं फुलें वाहण्यापूर्वीं त्यांस तीन प्रश्न विचारावयास शिकवावें: हें कोणीं उभारलें, येथें कोणाचें नांव आहे, आणि कोणाचें नाहीं.