पूल की फळी?

आपल्या लेकरांना देवाची ओळख करून देण्याचे काम कोणाचे, आणि ते कोठे व्हावे? अनुवादाच्या सहाव्या अध्यायात मोशेने इस्राएलास याचे उत्तर दिले आहे. देव एकच आहे, त्याच्यावर सर्वस्वाने प्रीती करा, आणि घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना व उठताना ही गोष्ट मुलांच्या मनावर बिंबवा, असा त्या वचनांचा आशय आहे. घर, वाट आणि अंथरूण हीच मोशेची शाळा. यहूदी लोक ही वचने आजही सकाळ-संध्याकाळ म्हणतात. परंतु त्याच लोकांपुढे आता एक नवा प्रश्न उभा आहे, आणि तो आपल्या शब्बाथ शाळांच्या दाराशीही येऊन ठेपला आहे. मुलांचे धर्मशिक्षण काही अंशी संगणकाच्या पडद्यावरून व काही अंशी प्रत्यक्ष एकत्र बसून द्यावे काय?

अमेरिकेत पुष्कळ यहूदी मुले इतरांसारखीच सरकारी शाळांत शिकतात. त्यांच्या धर्मशिक्षणासाठी सभास्थानाच्या वेगळ्या शाळा असतात. त्या बहुधा रविवारी सकाळी आणि आठवड्यातून एखाद्या दिवशी दुपारनंतर भरतात. यांतील रविवारच्या शाळेची कथा आपल्या शिक्षकांनी जाणून घेण्याजोगी आहे. १८३८ साली रिबेका ग्रॅट्झ या बाईंनी फिलाडेल्फिया शहरात ती सुरू केली, आणि नमुना घेतला तो ख्रिस्ती लोकांच्या रविवारच्या शाळेचा! पुस्तकेही आरंभी ख्रिस्ती शाळांचीच होती. न पटणाऱ्या मजकुरावर कागदाचे तुकडे चिकटवून ती वापरीत. तेव्हा एकमेकांकडून शिकण्याचा हा व्यवहार जुना आहे. आज आपण त्यांच्याकडे पाहिले तर वावगे काय?

२०२० च्या महामारीत या शाळा एकाएकी पडद्यावर गेल्या. साथ ओसरली, तरी अनेक सभास्थानांनी दोन्ही रीतींची सांगड घातली. आठवड्यातील एका दिवशी मूल घरी बसून पडद्यावरून शिक्षकाकडे इब्री वाचन शिकते. रविवारी सर्व मुले एकत्र येऊन प्रार्थना, गाणी, शास्त्रातील गोष्टी व सणांची तयारी करतात. ही सोय चांगली की वाईट? केवळ सोय म्हणून तिचा विचार केला तर उत्तर सापडणार नाही, असे आम्हांस वाटते. मुलाचे आपण काय देणे लागतो, हे आधी ठरविले पाहिजे.

याविषयी यहूदी धर्मगुरूंनी तल्मूद ग्रंथात फार विचार केला आहे. मुलाला नियमशास्त्र शिकविणे हे मुळात बापाचे कर्तव्य. पण ज्याला बाप नाही त्या मुलाचे काय? ते अशिक्षितच राही. म्हणून यरुशलेमेचे मंदिर अजून उभे असतानाच, यहोशवा बेन गामला या महायाजकाने गावोगावी शिक्षक नेमून सहा-सात वर्षांच्या मुलांना त्यांच्या हाती सोपविण्याची व्यवस्था केली, असे त्या ग्रंथात नमूद आहे. एका शिक्षकाकडे पंचवीस मुले. चाळीस झाली तर त्याला मदतनीस द्यावा. पन्नास झाली तर दोन शिक्षक नेमावेत. म्हणजे शाळा निघाली ती घराची जबाबदारी कमी करण्यासाठी नव्हे, तर जे मूल बाहेर राहिले होते त्याला आत घेण्यासाठी.

त्याच ठिकाणी आणखी एक बारीक नियम आहे. मुलाला शिक्षणासाठी एका गावाहून दुसऱ्या गावी पाठवू नये. गावातल्या गावात एका सभास्थानातून दुसऱ्यात नेण्यास हरकत नाही. परंतु मध्ये नदी असेल तर नेऊ नये. नदीवर चांगला पूल असेल तर न्यावे. नुसती अरुंद फळी टाकलेली असेल तर नेऊ नये. लेकराच्या पावलांची किती ही काळजी! आज पडद्याविषयी आपण हेच विचारावे : तो पूल आहे की फळी?

पडदा पुलाचे काम करतो, हे कोणी नाकारू नये. जे मूल अडखळत वाचते, त्याला चारचौघांत हसे होण्याची भीती असते. एकट्या शिक्षकापुढे ते निर्भयपणे चुकते आणि सुधारते. खबाद नावाच्या यहूदी पंथाचे सेवक जगभर अशा शहरी राहतात की जेथे यहूदी शाळा नाही. त्यांच्या मुलांसाठी पडद्यावरची शाळा महामारीच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. आणि यंत्राची मदत ही तरी कोठे नवी गोष्ट? तेरा वर्षांचा मुलगा सभास्थानात नियमशास्त्राच्या गुंडाळीतून वाचतो, तेव्हा त्या गुंडाळीत स्वरचिन्हे नसतात व चालीच्या खुणाही नसतात. आपला भाग पाठ व्हावा म्हणून मागल्या पिढीतील मुलांनी घरी कॅसेटी ऐकून ऐकून झिजविल्या. मात्र वाचण्यासाठी त्यांना मंडळीपुढेच उभे राहावे लागले.

येथे आपण मुद्द्यापाशी येतो. वर सांगितलेल्या भागात रव नावाच्या गुरूने एका शिक्षकाला सल्ला दिला आहे : जो वाचतो तो वाचो, आणि जो वाचत नाही त्याला आपल्या सोबत्याशेजारी बसू दे. किती शहाणपणाचे बोलणे हे! न येणाऱ्या मुलाचीही शाळेत जागा आहे. ते कोणाची तरी सोबत करते, आणि सोबत करता करता शिकते. पडद्यावर मात्र शिक्षकाला मूल दिसते, मुलाला शिक्षक दिसतो. शेजारी असा कोणी बसतच नाही.

दुसरी गोष्ट मोजणीची. यहूदी सार्वजनिक उपासनेतील काही प्रार्थनांस दहा प्रौढ माणसे हजर असावी लागतात. ऑर्थोडॉक्स पंथात पुरुषच मोजतात, इतर पंथांत स्त्रियाही. मुलगा तेरा वर्षांचा झाला की तो या दहांत मोजला जातो. २००१ साली अमेरिकेतील कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या धर्मशास्त्र समितीपुढे प्रश्न आला : दूर बसून यंत्राद्वारे सामील होणारा मोजावा काय? उत्तर मिळाले की दहाजण एका जागी जमलेले असले पाहिजेत; ते जमले म्हणजे दूरच्याने ऐकावे व प्रत्युत्तरही द्यावे, पण तो दहांत धरला जाणार नाही. २०२० च्या संकटात तात्पुरती सवलत मिळाली, ती संकटातील सवलत म्हणूनच.

या निर्णयात आम्हांस मोठा विवेक दिसतो. ऐकणे वेगळे आणि मोजले जाणे वेगळे. मुलाचे आपण दोन गोष्टींचे देणे लागतो : ज्ञान आणि स्थान. ज्ञान दुरून देता येते. स्थान मात्र तेव्हाच मिळते, जेव्हा आपण न आल्याने कोणाला तरी उणीव भासते.

आपल्याच भाषेत याची साक्ष आहे. कोकणातील बेने इस्राएल, ज्यांना लोक शनिवार तेली म्हणत, ते पिढ्यान् पिढ्या इब्री विद्येला पारखे झाले होते. तरी शब्बाथ, सुंता, खाण्यापिण्याचे निर्बंध आणि शेमा त्यांनी सोडला नाही. अक्षर गेले, पण घर व पंगत राहिली, म्हणून ते लोक राहिले. पुढे अक्षर आले ते अनेक हातांनी, डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून इब्री व्याकरण छापले, तेही त्यांतलेच. ज्यांचे स्थान टिकले होते त्यांना ज्ञान उशिराने मिळाले तरी उपयोगी पडले. उलट क्रम लागला असता तर ते ज्ञान कोणाच्या पदरी पडले असते?

कोणी विचारील, जे मूल अंथरुणाला खिळले आहे, ज्याच्या गावी मंडळीच नाही, त्याला काय तुम्ही मोजणार नाही? प्रश्न रास्त आहे. त्याच्यासाठी पडदा ही देवाची देणगीच समजावी. परंतु अशा मुलाच्या बाबतीत कर्तव्य उलट्या बाजूने लागू होते : त्याला येता येत नसेल, तर मंडळीने त्याच्याकडे गेले पाहिजे. बेन गामलाने मुलांना दूर धाडले नाही, शिक्षक गावोगाव नेमले. प्रेषित योहान आपल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी सांगतो की पुष्कळ लिहावयाचे आहे, पण कागद व शाई यांनी ते लिहिण्याची इच्छा नाही. समक्ष भेटून बोलण्याची आशा आहे. त्याने पत्र लिहिलेच. पण पत्रावर तो थांबला नाही.

बेळगाव, इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील आपल्या मराठी मंडळ्यांत मुलांचे शालेय शिक्षण इंग्रजी, कन्नड, हिंदी, गुजराती वा तेलुगू भाषेत होते. मराठी पवित्र शास्त्र वाचताना ती अडखळतात. आठवड्यातून अर्धा तास दूरच्या आजीने मोबाइलवरून नातवाकडून एक अध्याय वाचून घेतला, तर त्यात लाभच आहे. तीमथ्याच्या आजीला ही सोय मिळती तर तिने ती टाकली नसती. पण मोबाइल हाती देऊन आईबापांनी स्वयंपाकघरात वा कचेरीच्या कामात दडून बसू नये. निदान त्या अर्ध्या तासात शेजारी बसावे. मोशेची आज्ञा त्यांनाच आहे.

आणि शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी हजेरीपट क्षुल्लक मानू नये. नाव पुकारल्यावर उत्तर आले नाही, तर त्या आठवड्यात त्या घरी जावे. पडद्यावर शिकणाऱ्या मुलाचे नावही त्याच पटावर असावे, वर्षातून काही वेळा तरी त्याला सर्वांमध्ये आणून बसवावे, आणि न वाचणाऱ्याला वाचणाऱ्याच्या शेजारी जागा द्यावी. पुलाची परीक्षा एवढीच : त्यावरून मूल पलीकडे पोहोचते काय, आणि पलीकडे त्याची वाट पाहणारे कोणी उभे आहे काय? तसे कोणी उभे नसेल, तर ती फळीच समजावी.