थांबा म्हणणारा माणूस

आमच्या आळे गावात कांद्याला रात्रीची लाइन आली की माझा पुतण्या बॅटरी आणि काठी घेऊन दारं धरायला निघतो. मोबाईलवर गाणी मोठ्यानं लावायची, मधूनमधून खोकायचं. शेजारच्या उसात बिबट्या असला तर त्याला माणसाची चाहूल लागावी. दिवसा वीज द्या, ही जुन्नर-आंबेगावची मागणी म्हणजे जिवाची मागणी आहे. म्हणून अणुवीज नकोच, असं मला कधी म्हणवलं नाही. पण या निकडीचा दाब कुठवर पोचतो, ते मला अनिल काकोडकरांच्या एका लेखामुळे उमगलं.

जानेवारी २०११. कोकणातलं जैतापूर अणुप्रकल्पाच्या विरोधानं धुमसत होतं. माडबनच्या सड्यावर फ्रेंच कंपनीच्या १६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या यायच्या होत्या. अणुऊर्जा आयोगाचं अध्यक्षपद सोडून काकोडकरांना वर्षभर झालं होतं. 'सकाळ'मध्ये प्रकल्पाची बाजू मांडताना त्यांनी लिहिलं की भारतावरचे अणुव्यापाराचे निर्बंध उठवायला ज्या देशांनी साथ दिली, त्यांच्या आणि तिथल्या कंपन्यांच्या व्यापारी हिताचाही विचार करावा लागतो. हे त्यांनी मराठी माणसाला मराठीत, उघडपणे सांगितलं याचा मला आदर वाटतो. अस्वस्थही वाटलं. त्या बनावटीची एकही भट्टी तेव्हा जगात चालू नव्हती. फिनलंडमधली २००५ला बांधायला घेतलेली भट्टी नियमित वीज देऊ लागली ती २०२३ साली. परतफेडीचा शब्द आधीच गेला असेल, तर तपासणाऱ्यानं 'नाही' कोणत्या तोंडानं म्हणायचं?

आपल्याकडे तपासणारं अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ साली नेमलं गेलं, तेच अणुऊर्जा आयोगाच्या हाताखाली. आयोगाचा अध्यक्ष म्हणजे अणुऊर्जा खात्याचा सचिव, आणि भट्ट्या चालवणारं महामंडळ त्याच खात्याचं. बंधारा बांधणाऱ्यानंच मोजमाप पुस्तक भरावं, तसं. मंडळ स्वतंत्र करायचं विधेयक २०११ला लोकसभेत आलं आणि २०१४ला लोकसभेबरोबर बारगळलं. १९९३ ते १९९६ या मंडळाचे अध्यक्ष असलेल्या ए. गोपालकृष्णन यांनी सुरक्षेतल्या १३० त्रुटींची यादी तयार करवली. मंडळाला स्वायत्तता नाही, हे ते पुढे वर्षानुवर्षं जाहीरपणे सांगत राहिले.

अशी एखादी त्रुटी काय करू शकते, ते आधीच दिसलं होतं. ३१ मार्च १९९३च्या पहाटे उत्तर प्रदेशातल्या नरोरा अणुवीज केंद्रात टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन पेटला, आग केबलमधून पसरली. मुख्य केबल जळाल्या आणि अडीअडचणीच्याही, कारण दोन्ही एकाच वाटेनं नेलेल्या होत्या. सुमारे सतरा तास केंद्र अंधारात. भट्टी बंद झाली होती, ती बंदच राहावी म्हणून कामगार हातात बॅटरी घेऊन धुरातून वर चढले आणि बोरॉनचं द्रावण सोडणारे व्हॉल्व्ह त्यांनी हातानं फिरवले. केबल वेगळ्या टाका, तोवर भट्टी थांबवा, असं आधीच ठणकावून सांगणारा आणि ज्याचं ऐकावंच लागेल असा माणूस तिथे हवा होता.

हे मी पुतण्याला सांगितलं. तो बूट चढवत ऐकत होता.

"काका, थांबवली असती तर किती दिवस?"

"काही महिने लागले असते."

"मग कांदा?"

मला पटकन बोलता आलं नाही. त्या कांद्यात निम्मा वाटा माझा आहे.